वर्ष नसलेली तारीख

२ जानेवारी २०२५, गुरुवार. सकाळचे साडेआठ व्हायचे होते. चहाचा पहिला घोट घेतोय तोवर फोन वाजला. मासळीच्या शीतगृहावरचे सुपरवायझर होते. "बाब, रात्री तीनला दार उघडं राहिलं होतं. तुमच्या रिपोर्टात काहीच आलं नाही. दोन क्रेट इसवण गेली." आवाज चढलेला नव्हता, उलट पडलेला होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. मी लॅपटॉप उघडला. रिपोर्टाच्या अगदी वर, 'ताजी घटना' म्हणून, लिहिलेलं होतं : ३१ डिसेंबर २०२५, रात्री ११ वाजून ४८ मिनिटं, कंप्रेसर बंद. ती ओळ मी दोनदा वाचली. ती रात्र उजाडायला, खरं तर मावळायला, अजून ३६३ दिवस होते. आणि रात्री तीनची ती उघड्या दाराची नोंद? ती होती. डिसेंबरातल्या सगळ्या नोंदींच्या खाली, रिपोर्टाच्या तळाशी जाऊन बसली होती. प्रोग्राम सूचना पाठवतो ती सगळ्यांत ताज्या घटनेची, आणि त्याच्या लेखी सगळ्यांत ताजी घटना पुढच्या डिसेंबरात घडून गेलेली होती.

प्रोग्राम मी लिहिलेला. सी भाषेत, वर्षभरापूर्वी. वर्षभर बिनतक्रार चालला. सुपरवायझरना मी सांगितलं, चूक माझी आहे, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो. इसवणीचं काय करायचं ते मात्र मला सांगता आलं नाही.

ज्या ओळीमुळे हे झालं ती ओळ साधी आहे. शीतगृहात तळहाताएवढा एक बोर्ड, म्हणजे छोटा संगणकच, बसवलाय, त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. दार उघडलं, कंप्रेसर थांबला, तापमान चढलं की तो सिस्टिम लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, एक ओळ लिहितो. ओळीच्या सुरुवातीला महिन्याची तीन अक्षरं, मग तारीख, मग तास, मिनिटं, सेकंद. पुढे यंत्राचं नाव आणि काय घडलं ते. तारीख एक आकडी असेल तर तिच्या आधी शून्य नसतं, एक मोकळी जागा असते, म्हणजे रकाने सरळ राहतात. एवढा रकान्यांचा विचार केलेल्या त्या साच्यात वर्ष नाही. ३१ डिसेंबर, २३:४८:०२. कुठला डिसेंबर, ते तुम्ही ओळखायचं.

ही ओळ वाचायला सीमध्ये स्ट्र-पी-टाइम नावाचं फंक्शन वापरतात. त्याला ओळ द्यायची आणि साचा द्यायचा : आधी महिन्याचं लघुरूप, मग तारीख, मग वेळ. ते ओळ चाचपत पुढे जातं आणि सापडेल ते टीएम नावाच्या एका रचनेत भरतं. त्या रचनेची मला कायम एखाद्या जुन्या कपाटासारखी आठवण येते. सेकंदाचा खण, मिनिटाचा, तासाचा, तारखेचा, महिन्याचा, वर्षाचा, वाराचा. महिन्याचा खण शून्यापासून मोजायचा, जानेवारी म्हणजे शून्य, डिसेंबर अकरा. तारीख मात्र एकपासून. वर्षाच्या खणात १९०० वजा करून ठेवायचं, म्हणजे २०२५ साठी १२५. नवीन शिकणाऱ्या मुलांना हे सांगितलं की ती चिडतात, आणि मला त्यांचं चिडणं पटतं. पण यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते : जे ओळीत सापडलं नाही, त्या खणाला हे फंक्शन हात लावत नाही. म्हणजे तुम्ही आधी सगळे खण पुसून शून्य केले नसतील, तर वर्षाच्या खणात मेमरीतला आधीचा काहीही कचरा असू शकतो. आणि पुसून घेतले असतील तर तिथे शून्य. शून्य म्हणजे १९००.

मी खण पुसून घेतले होते. मग वर्षाच्या खणात आजचं वर्ष घातलं होतं. आजचं, म्हणजे वाचणाऱ्याचं. वर्षाचे ३६५ दिवस जवळजवळ नेहमी लिहिणाऱ्याचं वर्ष आणि वाचणाऱ्याचं वर्ष एकच असतं. फरक पडतो तो वर्ष उलटल्यावर, त्या चार-आठ दिवसांत.

हा साचा ठरवणाऱ्यांना दोष द्यावा असं मला आधी वाटलं आणि मग वाटेना. यंत्राच्या नोंदी अशा लिहिण्याची ही पद्धत, सिसलॉग, जन्मली १९८०च्या दशकात, अमेरिकेत बर्कलीला. एरिक ऑलमन यांनी ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेल या प्रोग्रामसाठी ती लिहिली, आणि उपयोगी होती म्हणून इतरांनी उचलली. अशा नोंदी वाचणारा माणूस बहुधा त्याच दिवशी, त्याच खोलीत, त्याच यंत्रासमोर बसलेला असायचा. त्याला कुठलं वर्ष चालू आहे हे सांगायची काय गरज? डिस्क लहान, प्रत्येक अक्षर मोलाचं. २००१मध्ये आरएफसी ३१६४ आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटवरच्या पद्धती लिहून ठेवणारा दस्तऐवज), तोही नवा नियम घालून द्यायला आला नव्हता. लोक आधीच जे करत होते तेच त्यात नीट लिहून ठेवलं. २००९च्या आरएफसी ५४२४मध्ये पूर्ण तारीख आली, वर्षासकट, आणि ग्रीनिचपासूनच्या अंतरासकट. नव्या लिनक्सवर आता हळूहळू तीच दिसायला लागली आहे. पण साचे माणसांच्या सवयींसारखे असतात, एकदा पडले की पडले. आमच्या बोर्डावर जुनाच होता.

दुरुस्ती सहा-सात ओळींची निघाली. आजचं वर्ष घालायचं, मेक-टाइम या दुसऱ्या फंक्शनकडून त्या तारखेचे १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद करून घ्यायचे, आणि ते आत्ताच्या सेकंदांपेक्षा पुढे गेले, तर वर्षातून एक वजा करून पुन्हा हिशेब करायचा. भविष्यातली नोंद असूच शकत नाही, म्हणजे ती मागच्या वर्षाची. फक्त 'पुढे गेले' म्हणताना एका दिवसाची सूट ठेवावी लागते. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. बोर्डाचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं, तर आत्ता या क्षणी लिहिलेली ओळही दोन मिनिटं भविष्यातली दिसते, आणि सूट नसेल तर ती सरळ एक वर्ष मागे फेकली जाते. दोन मिनिटांच्या चुकीला एका वर्षाची शिक्षा. ही सूट मी घातली, प्रोग्राम पुन्हा चालवला, डिसेंबर खाली गेला, रात्री तीनचं उघडं दार वर आलं. रिपोर्ट बरोबर दिसायला लागला.

बरोबर दिसायला लागला, पण माझं मन काही स्वस्थ होईना. मी ओळीत नसलेली गोष्ट ओळीत घातली होती, आणि ती घालताना आधार होता फक्त एवढाच की मी आज इथे उभा आहे. ती ओळ मी २०२७मध्ये वाचली तर? तर ती २०२६ची होईल. ओळ तीच राहील, तिच्यातलं अक्षर हलणार नाही, वर्ष मात्र वाचणाऱ्यामागून चालत राहील.

आणि तेव्हा मला बाबांची वही आठवली.

ही वही दिवाळीनंतर सापडली होती. आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, कौलारू, माळ्यावर पेट्या. एका पेटीला वाळवी लागली म्हणून ती खाली काढली. आतली कागदपत्रं अर्धी माती झालेली. मधे दोनशे पानी एक वही, कव्हर आणि पहिली आठ-दहा पानं खाल्लेली, बाकीची धड. हातात घेतली तेव्हा मातीचा, नाफ्थलीनच्या गोळ्यांचा आणि त्याच्याही खाली डिझेलचा वास आला. डिझेलचा वास खरंच राहिला असेल की माझ्या नाकाने तो आठवणीतून आणला असेल, ठाऊक नाही. बाबा बार्जीवर सारंग होते, म्हणजे ती चालवणारे. आमोण्याला, कधी सारमानसला खनिज भरायचं, मांडवीतून खाली उतरायचं, पणजी मागे टाकून आग्वादच्या तोंडातून बाहेर आणि तिथून मुरगाव. पावसाळ्यात आग्वादचं तोंड बंद, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत. १९७४ला ते लागले, २००८ला उतरले. २०१२ला खाणी थांबल्या आणि बार्जी नदीकाठी गंजत उभ्या राहिल्या, तेव्हा ते फेरीत बसून पलीकडे जाताना त्या बाजूला बघायचे नाहीत. पाच वर्षांपूर्वी गेले.

बार्जीचं अधिकृत लॉगबुक वेगळं, ते मालकाकडे राहायचं. ही त्यांची स्वतःची वही. मराठी शाळेत गिरवलेलं गोल, उभट अक्षर. एकेक ओळ. "१२ जाने. मंगळ. ५.४० जेटी सोडली. धुकं." "१३. बुध. मुरगाव. रांग. ९ तास." "२६. मंगळ. भांग. पाणी कमी, निम्मं भरलं." भांगाची भरती म्हणजे अष्टमीच्या आसपासची, पाणी फार चढत नाही, तेव्हा बार्ज पूर्ण भरून चालत नाही. 'पाणी' हा शब्द पानापानावर आहे. आमच्या घरात पाणी येतं-जातं ते नळाला नव्हे, नदीला. "पाणी कधी?" असं कुणी विचारलं तर उत्तर भरतीच्या वेळेचं. ती वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, त्यामुळे बाबांचा दिवस कधीच सकाळी सुरू व्हायचा नाही. तो पाणी चढलं की सुरू व्हायचा.

लॉग या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका, हे मला कॉलेजात कळलं होतं. जहाजाचा वेग मोजायला दोरीला लाकूड बांधून पाण्यात सोडायचे, ठरलेल्या वेळात किती गाठी सरकल्या ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. ती वही लॉगबुक. तिथून तो शब्द संगणकात आला. कॉलेजातून घरी आल्यावर मी हे बाबांना उत्साहाने सांगितलं होतं. ते जेवत होते. त्यांनी घास थांबवून विचारलं, "म्हणजे तुमचं मशीन पण लिहितं?" मी हो म्हटलं. "कोण वाचतं?" मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, बिघडलं तर वाचतात. त्यांनी मान हलवली, जशी ओळखीचं काही ऐकल्यावर हलवतात.

वहीत वार आहे, तारीख आहे, सुरुवातीला महिना आहे. वर्ष नाही. असेल तर कव्हरवर असेल, आणि कव्हर वाळवीने खाल्लं. लॉगच्या फायलींचंही असंच असतं. फाइल मोठी झाली की जुनी बाजूला ठेवून नवी सुरू होते. काही यंत्रांवर बाजूला ठेवलेल्या फायलीच्या नावात पूर्ण तारीख घालतात, काहींवर नुसता एक, दोन, तीन असा आकडा. आकडा असला की कव्हर गेलेली वहीच ती. आत सेकंदापर्यंत सगळं चोख, आणि साल कुठलं ते नाही.

आईलाही वर्ष लिहायची सवय नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दुधाचं लिहिते : अर्धा, एक, नाही. गॅस लावला त्या चौकोनात 'गॅस'. वर्ष संपलं की कॅलेंडर उतरवून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सांडगे वाळवते. तिला विचारलं तर ती वर्ष आकड्यात सांगतच नाही. "पूल पडला त्या वर्षी." "गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी." "तुझे दात पडले तेव्हा." पूल पडला म्हणजे मांडवीवरचा जुना पूल, जुलै १९८६. राज्य झालं म्हणजे ३० मे १९८७. इतिहासाच्या पुस्तकातलं साल आणि माझे दुधाचे दात तिच्याकडे एकाच खुंटीला टांगलेले असतात. मला पूर्वी याचा कंटाळा यायचा. आता त्या ओळींकडे बघताना वाटतं, तिचा हिशेब टिकाऊ आहे. वाचणारा कुठेही उभा असो, पूल एकदाच पडला.

शनिवारी मी दुरुस्त केलेला प्रोग्राम जुन्या फायलींवर चालवून बघत होतो. २०२४च्या फेब्रुवारीपासूनच्या साठवलेल्या नोंदी एकेक करून द्यायच्या आणि तारखा जुळतात का ते पाहायचं. सगळ्या जुळल्या, एक दिवस सोडून. २९ फेब्रुवारी गायब. त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी १ मार्चमध्ये मिसळल्या होत्या. बराच वेळ बघत बसल्यावर उलगडलं. आज २०२५, म्हणून प्रोग्राम आधी वर्षाच्या खणात २०२५ घालतो. २०२५मध्ये २९ फेब्रुवारी नाही. मेक-टाइम अशा वेळी तक्रार करत नाही, ते तारीख गुपचूप सरळ करतं : २९ फेब्रुवारीची १ मार्च होते, आणि ती दुरुस्ती ते त्याच कपाटात, तुमच्या मूळ खणांत, लिहून टाकतं. मग मी वर्षातून एक वजा करतो. पण तोवर खणात फेब्रुवारी राहिलेलाच नसतो. १ मार्च २०२४. वर्ष बरोबर, दिवस चुकीचा. उपाय सोपा आहे, मूळ खणांची एक नक्कल आधी बाजूला ठेवायची आणि दुसऱ्यांदा हिशेब नकलेवरून करायचा. एका ओळीचं काम. पण ते करताना माझा हात थबकला, कारण २९ फेब्रुवारी मी नुकताच कुठेतरी शाईने लिहिलेला पाहिला होता.

वही उघडली. होता. "२९ फेब्रु. सोम. पुलापाशी फेरींची गर्दी. हळू."

त्याच लॅपटॉपवर मी दहा ओळींचा दुसरा प्रोग्राम लिहिला. मेक-टाइमला तारीख दिली की ते वाराचा खण आपणहून भरतं, रविवार शून्य, सोमवार एक. बाबा बार्जीवर होते त्या काळातल्या प्रत्येक लीप वर्षाची २९ फेब्रुवारी त्याला दिली. पडद्यावर नऊ ओळी आल्या. १९७६ रविवार. १९८० शुक्रवार. १९८४ बुधवार. १९८८ सोमवार. १९९२ शनिवार. १९९६ गुरुवार. २००० मंगळवार. २००४ रविवार. २००८ शुक्रवार. सोमवार एकच. २९ फेब्रुवारीचा तोच वार पुन्हा यायला २८ वर्षं लागतात, आणि बाबांची नोकरी ३४ वर्षांची, तरी त्यात सोमवार एकदाच आला. शिवाय पुलापाशी फेरींची गर्दी म्हणजे पूल पडलेला, नवा अजून झालेला नाही. आणि तीन दिवस पुढे वहीत "३ मार्च. गुरु. होळी." १९८८ची फाल्गुन पौर्णिमा ३ मार्चला होती, तेही पडताळून पाहिलं. तीन वेगवेगळ्या वाटा एकाच वर्षावर येऊन थांबल्या. जी तारीख माझ्या प्रोग्रामला पेलली नव्हती, तिनेच वहीचं वर्ष सांगितलं. मी टोकदार पेन्सिलने समासात १९८८ लिहिलं. बाबांच्या अक्षराशेजारी माझं अक्षर फार परकं दिसलं.

पण मग मी होळीची ती ओळ पूर्ण वाचली.

"३ मार्च. गुरु. होळी. सांजेच्या सुकतीत रुतलो. पाण्याची वाट."

माझ्या आठवणीत एक होळी आहे. मी पहिलीत असेन. गावात होळीचं झाड खांद्यावरून आणतात, ढोल-ताशे, ओस्सय ओस्सय, आणि झाड उभं करताना सगळ्या गावाचा एक श्वास रोखला जातो. बाबा म्हणाले होते, रात्री येतो, तुला खांद्यावर घेऊन दाखवतो. मला निळा शर्ट घातला होता, त्याच्या कॉलरला खळीचा वास येत होता आणि ती मानेला टोचत होती. मी बांधावर जाऊन उभा राहिलो, कारण फेरीवरून येणारा माणूस तिथून दिसतो. कंदील येत होते, माणसं येत होती. झाड उभं राहिलं तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो, कारण मी बाबांकडे बघत होतो, आणि बाबा नव्हते. हा राग माझ्यात किती वर्षं राहिला ते सांगायला मला संकोच वाटत नाही. दहावीपर्यंत होता. नंतर त्याचं रूप बदललं, पण होता. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांचे पाय चेपताना एकदा अचानक वर आला आणि मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

उधाणाच्या दिवसांत भरती जितकी वर चढते तितकीच सुकती खाली जाते. भरलेली बार्ज चिखलात बसली की काहीच करता येत नाही. इंजिन लावून उपयोग नाही, गाळ उडतो आणि ती आणखी रुतते. सहा तास थांबायचं. पौर्णिमेची संध्याकाळ, दोन्ही काठांवर गावागावांतून ढोलांचे आवाज, पाण्यावरून आवाज लांबवर येतो, आणि मधे वाकडी झालेली बार्ज. ते तिथे होते. मला ते दृश्य इतकं स्पष्ट दिसलं की क्षणभर सगळं जुळलं असं वाटलं.

मग मीच घातलेली ती एका दिवसाची सूट आठवली. माझ्या आठवणीतल्या होळीलाही वर्ष नाही. मी पहिलीत 'असेन'. शर्टावर तारीख नव्हती. बाबा शिमग्याला घरी नसणं हे काही एकदाच घडलेलं नाही, मोसम चालू असला की बार्ज थांबायची नाही. वहीतली होळी १९८८ची, याची मला खात्री आहे. बांधावरची होळी कुठली, हे मात्र मी वहीकडे बघून ठरवत होतो, म्हणजे आज इथे उभा राहून. ओळ भविष्यात दिसली तर मागच्या वर्षात ढकलायची, तसंच. मनाला हवं तिथे ती आठवण नेऊन ठेवत होतो.

संध्याकाळी आई मागच्या पडवीत भाजी निवडत बसली होती. तांबडी भाजी, बोटं लाल झालेली. मी तिला विचारलं, मी बांधावर उभा होतो ती होळी आठवते का. "ते आले होते त्या वर्षी," ती म्हणाली. "पहाटे आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. तू झोपला होतास, तुझा शर्ट मी काढला पण नव्हता." मी म्हटलं, कुठल्या वर्षी? "राज्य झालं त्याच्या पुढल्या." म्हणजे १९८८. मी वही आणली. पुढची ओळ मी तोवर वाचलेली होती, आणि ती तिला वाचून दाखवावी की नाही ते कळत नव्हतं.

"४. शुक्र. रात्री १. पाणी चढलं. सुटलो. स. ९ मुरगाव."

सकाळी नऊला मुरगावात असलेला माणूस पहाटे घरी येऊन जाऊ शकत नाही. तिची भिजलेली पँट दुसऱ्या कुठल्या तरी वर्षाची असणार, किंवा शिमग्याची नसणारच. हे मी बोललो नाही. मी फक्त दोन ओळी वाचल्या, तीन तारखेची आणि चारची. तिने भाजी बाजूला ठेवली.

"रुतले होते?"

हो, म्हटलं. संध्याकाळी, होळीच्या दिवशी. रात्री एकपर्यंत.

ती बराच वेळ काही बोलली नाही. पडवीच्या पत्र्यावर चिंचेची पानं पडल्याचा आवाज येत होता. आत फ्रिज चालू झाला. बोर्डावरचा लॉग मी त्याच दुपारी नव्या साच्यावर टाकला होता : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी अधिक साडेपाच तास, म्हणजे कुणीही, कधीही, कुठूनही वाचलं तरी तो क्षण हलणार नाही. सुपरवायझरना फोन करून सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, आधीच्या नोंदींचं काय? आधीच्या तशाच राहतील, म्हटलं.

"मला कधी बोलले नाहीत," आई म्हणाली. ती वहीकडे बघत होती, पण चष्मा आत राहिला होता, तिला अक्षर दिसत नव्हतं. "इतकी वर्षं. रुतलो होतो म्हणून कधी बोलले नाहीत." तिने पदराला बोटं पुसली, पण लाल रंग गेला नाही. मग पाटावरून जरा माझ्याकडे सरकली.

"परत वाच," म्हणाली. "वार पण वाच."